बापूसाहेबांचं चिनी आम्लेट

आमच्या घरात अंडं शिरलं ते अण्णांच्या जेवणाच्या डब्यातून. डबा पितळी, तीन पुडांचा. वरच्या पुडात कापसात गुंडाळलेली दोन अंडी. अण्णा म्हणजे माझे वडील. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते, सकाळी संध्या केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत, आणि कचेरीजवळच्या इराण्याकडून घेतलेला तो ऐवज पार्ल्यापर्यंत आणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे, तसा मी पुढे आयुष्यात एकदाच पाहिला. तो माणूस बंदरावर जकातवाल्यांच्या टेबलासमोर उभा होता आणि त्याच्या बुटांच्या टाचा पोकळ निघाल्या होत्या. घरात शिरल्यावर अण्णा आधी मला दार लावायला सांगत, मग डबा माझ्या हातात देत, आणि हातपाय धुवायला जात ते नेहमीपेक्षा बराच वेळ धूत.

आमच्यासारख्यांच्या घरात तेव्हा अंडं दोनच कारणांनी येई. एक तर घरातला मुलगा विलायतेला जाऊन आलेला असे, किंवा घरात कुणाला तरी क्षय झालेला असे. आमच्याकडून विलायतेला कुणी गेलं नव्हतं.

आईला क्षय झाला होता. हे वाक्य आज मी किती सरळ लिहून गेले. तेव्हा हा शब्द आमच्या घरात उच्चारलाही जात नसे. आई आठ महिने आरोग्यधामात होती, आणि ते आठही महिने शेजारीपाजारी, नातेवाईक आणि माझ्या शाळेतल्या बाई या सगळ्यांच्या लेखी ती इंदूरला मामाकडे हवापालटाला गेली होती. माझ्या धाकट्या भावाला खरोखरच मामाकडे ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या खोटेपणाला निम्मा आधार होता. आई कशी आहे असं कुणी विचारलं की मी इंदूरच्या हवेचं वर्णन करी. मी इंदूर पाहिलेलं नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकात माळव्याच्या पठारावर चार ओळी होत्या, त्यांच्यावर मी आठ महिने काढले.

मग आई घरी आली, भाऊ मामाकडेच राहिला. पण ती आली सशर्त. डॉक्टरांनी तिला एक्क्याण्णव पौंडांवर सोडलं होतं. महिन्याच्या महिन्याला काट्यावर उभं राहायचं. वजन वाढलं तर घरी, उतरत गेलं तर परत खाटेवर. पहिल्या महिन्यात ते सत्त्याऐंशीवर आलं. डॉक्टर अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले की रोज दोन अंडी पोटात गेलीच पाहिजेत, पुढच्या महिन्यात काटा आणखी खाली गेला तर मी ऐकून घेणार नाही. अण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, दिव्याची काच पुसत होते. मी चौदा वर्षांची होते. आठ महिने मी आमटी-भात रांधला होता, अण्णांची धोतरं धुतली होती, आणि संध्याकाळी त्या दोन खोल्यांत अण्णांचा आणि माझा आवाज सोडून तिसरा आवाज नसे. ते दिवस परत यायची मला जी भीती वाटे, तिच्यापुढे परीक्षा, भुतं, पोलीस असल्या वयाला शोभणाऱ्या भीती मला फार फालतू वाटत.

आणि नुसतं वजन उतरायचीच भीती होती असं नाही. आम्ही राहत होतो ते घर बापूसाहेब मेढेकरांचं. खाली दोन खोल्या आणि मागची पडवी एवढं आमचं बिऱ्हाड, वर बापूसाहेब. जिन्याच्या पायथ्याशी त्यांनी घराचे नियम छापून, काचेच्या चौकटीत घालून टांगले होते. एकूण नऊ नियम होते. सातवा असा की या वास्तूत अभक्ष्य भक्षण होता कामा नये. नववा असा की सांसर्गिक रोगाने पीडित इसम आढळल्यास बिऱ्हाडकरूस जागा तत्काळ खाली करावी लागेल. शाळेत जाताना-येताना रोज दोनदा ती चौकट माझ्या डोळ्यांपुढून जाई. सातवा आणि नववा यांच्यामध्ये आठवा नियम कपडे वाळत घालण्याविषयी होता, तो मला आजही पाठ आहे, कारण नजर त्याच्यावर स्थिर ठेवायची मी सवय केली होती. सातवा मोडला की नववा उघडा पडणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. अंड्याचा वास आला की लोक पहिला प्रश्न हाच विचारणार होते की डॉक्टरांनी सांगितलंय का. आणि जागा गेली तर आईला ठेवायचं कुठे? दुसरी जागा मिळायला तेव्हाही वर्षं लागत, आणि असं घर सोडलेल्या बिऱ्हाडाला तर कुणी उंबऱ्यावरही उभं केलं नसतं.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. ते मोठे माणूस होते, आणि आपण मोठे आहोत ही गोष्ट ते क्षणभरही नजरेआड होऊ देत नसत. त्या काळात चीनशी आपली नुकतीच दोस्ती जमली होती. कसली कसली शिष्टमंडळं तिकडे जात आणि तीन आठवड्यांत तो देश समजून घेऊन परत येत. अशाच एका शिष्टमंडळात शेवटच्या क्षणी कुणाची तरी जागा रिकामी झाली आणि बापूसाहेब चीनला जाऊन आले. येताना त्यांनी एक कागदी पंखा, एक रेशमी चित्र, गळ्यापर्यंत गुंड्या लावायचा निळा कोट आणि सुमारे चाळीस व्याख्यानं आणली. वाचनालयात झालं, महिला मंडळात झालं, व्यायामशाळेत झालं. एका मुंजीत बटूला आशीर्वाद द्यायला उभे राहिले ते यांगत्से नदीच्या पुराबद्दल पाऊण तास बोलले, आणि तोवर पंक्तीतला भात थंड झाला. पार्ल्यात व्याख्यानांना तोटा कधीच नव्हता, पण चीनने आम्हाला त्या वर्षी अगदी भरडून काढलं.

महिला मंडळातल्या व्याख्यानाला मी गेले ती आईच्या वतीने, कारण घरमालकाच्या व्याख्यानाला बिऱ्हाडातून कुणीच गेलं नाही तर ते दिसलं असतं. तिथे त्यांनी चिनी स्वयंपाकघराचं वर्णन केलं. त्यांच्या यजमानीणबाईंनी त्यांच्यादेखत केलेलं आम्लेट त्यांनी हातवारे करून दाखवलं. कोबी, गाजर, कांद्याची पात, मोड आलेले मूग, सगळं उभं, बारीक चिरून भराभर परतायचं आणि त्यावर फेटलेली दोन अंडी ओतायची, इतकीच की भाज्या एकमेकींना धरून राहतील. वरून पिठी लावून दाट केलेला एक काळा, आंबटगोड रस. "चिनी माणूस अंडं खात नाही, भगिनींनो," ते म्हणाले, "तो अंड्याने भाजी बांधतो." पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले होते, पण हे वाक्य ऐकून त्या जरा सैल बसल्या. कुणी तरी धीर करून विचारलं की आपण ते खाल्लंत का. बापूसाहेब म्हणाले, अभ्यास म्हणून.

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. आजवर मी पुष्कळ पुस्तकं वाचली, बत्तीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांच्याच नोकरीत काढली, पण इतक्या एकाग्रतेने मी दुसरं काही टिपून घेतल्याचं मला आठवत नाही. कारण आईला अंडं जात नव्हतं. दुधात कच्चं फेटून दिलं तर ते दुधासकट बाहेर येई. उकडलेल्याच्या वासाने ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि मग डोळ्यांत पाणी आणून मला म्हणे, "शकू, मी मुद्दाम करत नाही गं." पण कोबी, मोड आलेले मूग, पातीचा कांदा हे तर आमच्याच घरातलं. असल्या भाजीत बांधलेलं अंडं म्हणजे एक प्रकारचं धिरडंच झालं. शिवाय, आणि याचा मला फार अभिमान वाटला होता, उद्या वास गेलाच, जिन्यावरून बापूसाहेबांच्या काठीचा आवाज खाली आलाच, तर सांगायला माझ्याकडे एक वाक्य होतं. बापूसाहेब, तुमचं चिनी आम्लेट. स्वतःच्या व्याख्यानाला ते सातवा नियम कसा लावणार? मी ही योजना अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "तू वकिलाच्या घरात जन्मायला हवी होतीस." ते कौतुक होतं की खेद, ते कळलं नाही.

लोखंडी तवा पोत्यात गुंडाळून न्हाणीघरात बंबामागे ठेवलेला असे. तो, उलथनं आणि एक निळ्या काठाची एनॅमलची थाळी, एवढा या उद्योगाचा संसार. ती थाळी मुळात आईची होती. आरोग्यधामातून येताना आईबरोबर तिची वेगळी भांडी आली: थाळी, वाटी, पेला, चमचा. रोज संध्याकाळी मी ती सोडा घालून उकळवत असे, आणि ती घरातल्या पितळी भांड्यांत कधी मिसळत नसत. पुढे अंडं आलं तेव्हा अण्णांनी ठरवून टाकलं की फोडल्यावर ते पितळेच्या भांड्याला लागता कामा नये, त्या एनॅमलच्या थाळीतच वाढायचं. म्हणजे रोगासाठी वेगळी काढलेली थाळी सोवळ्यासाठीही वेगळी झाली. दोन निराळी कारणं, थाळी एकच. त्या वेळी हे आम्हाला सोयीचंच वाटलं.

मी शाळेतून तीनला येई. साडेतीनच्या सुमाराला पलीकडच्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास पार्ल्यावर पसरू लागे. भाजलेल्या मैद्याचा, साखरेचा, गरम, गोड, दाट वास. पार्ल्यातले जुने लोक अजून त्या वासाच्या आठवणी काढतात आणि डोळे मिटतात. मी मात्र तो वास आला की पडवीकडे पळे, कारण त्याच्या आडोशाने तेवढ्या अर्ध्या तासातच मला काम उरकायचं असे. पडवीत स्टो पेटवायचा. त्याला पंप मारला की जो घरघराट सुरू होई त्यात बाहेरचं काही ऐकू येत नसे, ही आणखी एक भीती. एक कान जिन्याकडे लावून मी विळीवर कोबी चिरी. मूग तव्यावर पडले की चटचट वाजत. चिनी काळा रस पार्ल्यात मिळायचा नव्हता. मी चिंचेचा कोळ, गूळ, मिरपूड आणि आरारूट घालून माझा वेगळा चीन तयार केला होता. अंडं फोडताना पहिल्यांदा निम्मं स्टोवर सांडलं आणि जळक्या वासाने मी अर्धमेली झाले. पुढे सरावले. टरफलं दगडाने ठेचून, कागदात बांधून, कंपासपेटीत घालून सकाळी शाळेत नेई आणि वाटेतल्या गटारात सोडी. त्या दिवसांत वर्गात कुणी माझ्याकडे कर्कटक मागितलं तर मी नाही म्हणत असे. मैत्रिणी मला चिक्कू म्हणू लागल्या होत्या. आणि आई ते आम्लेट खाऊ लागली. हळूहळू, कडा मोडत, मधेच थांबत, पण संपवी. मी समोर बसून तिचा प्रत्येक घास मोजत असे, आणि ती म्हणे, "अशी बघू नकोस. काटा आहेस का?"

अण्णा शनिवारी अंडी आणत नसत. रविवारी ते घरी असत, आणि आपल्यासमोर अंडं फुटलं नाही म्हणजे घरात ते फुटतच नाही, अशी काही तरी सोय त्यांनी मनाशी लावलेली होती. पण एका शनिवारी आईला दुपारीच ताप चढला आणि तिने काहीच खाल्लं नाही. दोन अंडी उरली. येत्या बुधवारी काट्यावर उभं राहायचं होतं. रविवारी दुपारी ताप नव्हता. मी अण्णांना म्हटलं की मी करते. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, खुर्ची पडवीकडे पाठ करून फिरवली आणि म्हणाले, "कर काय करायचं ते."

मी स्टो पेटवला, तवा ठेवला, भाजी परतली, अंडी ओतली. सगळं नेहमीसारखं केलं, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. रविवारी कारखाना बंद असे. वास येतो तेव्हा कळतं. नसतो तेव्हा तो नाही हे कळायला माणूस सावध असावा लागतो, आणि मी त्या दिवशी फक्त घाईत होते. पार्ल्याच्या त्या निवांत, स्वच्छ दुपारच्या हवेत एकच वास होता आणि तो माझ्या तव्यातून निघत होता.

स्टोच्या आवाजात काठी ऐकू आली नाही. मी मान वर केली तेव्हा पडवीच्या दारात निळा कोट उभा होता.

"पटवर्धन," बापूसाहेब माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, "हा वास कसला?"

अण्णा उठले. वर्तमानपत्र हातात तसंच. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागे आई होती. माझ्या कानांत नुसता स्टो घरघरत होता. मी इतक्या वेळा मनात म्हटलेलं वाक्य मग माझ्या तोंडून दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बाहेर पडलं. "बापूसाहेब, तुमचं चिनी आम्लेट."

त्यांनी तव्याकडे पाहिलं. त्यांच्या आत घरमालक आणि व्याख्याता यांची झटापट चाललेली मला स्पष्ट दिसत होती, आणि त्यांचा जबडा हळूहळू सैल पडला तेव्हा कोण जिंकलं तेही कळलं. "महिला मंडळात होतीस तू," ते म्हणाले. अण्णांना आता वाचा फुटली. आपलं व्याख्यान ऐकल्यापासून पोरीने ध्यास घेतला आहे, आपल्याकडे चालत नाही हे मी तिला सांगितलं, पण म्हटलं ज्ञान आहे, एकदा करून बघू दे, वगैरे ते भराभर बोलत सुटले. मी त्यांना इतकं खोटं इतक्या सफाईने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बापूसाहेब आत आले. माझ्या चिंचगुळाच्या पातेल्यात डोकावून म्हणाले, "अगदी हाच रंग." उलथन्याच्या कामात मनगट कसं सैल ठेवायचं तेही त्यांनी मला काठी हवेत धरून दाखवलं. आम्ही वाचलो होतो.

आणि इथे आमच्या लोकांची जुनी खोड आडवी आली. दारी आलेल्या माणसाला काही तरी घ्या म्हटल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, आणि सुटकेच्या आनंदात तर मुळीच नाही. अण्णा म्हणाले, "चव तरी बघा ना बापूसाहेब. गुरूनेच बघायला हवी." बापूसाहेबांनी जिन्याकडे एकदा पाहिलं. "अभ्यास म्हणून," ते म्हणाले आणि पाटावर बसले. मी सवयीने पितळी ताटलीकडे हात नेला, तर अण्णा तेवढ्याच सवयीने म्हणाले, "त्यात नको शकू, एनॅमलच्या थाळीत दे."

मी थाळी घेतली. आईने सकाळी तिच्यात पेज घेतली होती. थाळी विसळून मोरीच्या कठड्यावर पालथी घातलेली होती, नुसती विसळून. उकळवायची ती संध्याकाळी. आम्लेट थाळीत पडेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. ती बापूसाहेबांच्या हातात गेली आणि आलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचा कागद वाजत होता.

माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याला मी ही हकिकत सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, आत्या, थाळीतून काही होत नसतं, आणि तिची औषधं चालू होती म्हणजे तर नाहीच. असेल. पण त्या पडवीत आम्हा दोघांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हाला तिथे इतकंच ठाऊक होतं की त्या थाळीत मरण आहे आणि एक माणूस त्यातला तुकडा मोडतो आहे. आणि थांबा म्हटलं तर का ते सांगावं लागेल, आणि का ते सांगितलं की आई गेली, घर गेलं. तोंड उघडायला एका श्वासाचं काम होतं. अण्णांनी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

बापूसाहेबांनी तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून ते बोलू लागले. पेकिंगमध्ये काड्यांनी खाताना पहिल्या दिवशी त्यांची कशी फजिती झाली, मग यजमानांनी कसं शिकवलं, काड्या म्हणजे नुसत्या काड्या नव्हेत, त्यामागे संयमाचं एक तत्त्वज्ञान कसं आहे. तुकडा ओठांजवळ जाई आणि नवा मुद्दा सुचला की खाली येई. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांचं व्याख्यान संपू नये असं मला वाटलं. मी मनात त्यांना मुद्दे पुरवत होते. नदी, धरणं, शेतकरी, काहीही. पण संयमाचं तत्त्वज्ञान आटोपलं, आणि त्यांनी तुकड्यावर फुंकर घातली.

आतलं दार उघडलं. आई चौकट धरून उभी होती, पदर तोंडावर घट्ट धरलेला, आणि ती पुढे आली नाही. "बापूसाहेब," ती म्हणाली, "ती थाळी खाली ठेवा. माझी आहे ती."

त्यांना वाटलं ही उष्ट्याखरकट्याची गोष्ट आहे. ते मोठ्या मनाने हसले. "असू द्या हो वहिनी. चीनमध्ये आम्ही सगळे एकाच—"

"तसं नव्हे," आई म्हणाली. "मी इंदूरला नव्हते. मी आठ महिने दवाखान्यात होते."

मी पुढे होऊन स्टोची चावी सोडली. हवा सुस्कारत बाहेर पडली आणि मग पडवीत काहीच आवाज उरला नाही. बापूसाहेबांनी तुकडा थाळीत ठेवला. थाळी जमिनीवर ठेवली, अगदी हलक्या हाताने, तिचा आवाजही झाला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. पण तो भ्यायलेल्या माणसाचा चेहरा नव्हता, आणि मी तर त्याच चेहऱ्याची वाट बघत होते. ते बोलले ते त्यांच्या व्याख्यानाच्या आवाजात नव्हे.

"वजन किती आहे?"

"सत्त्याऐंशी," आई म्हणाली.

"सोडलं तेव्हा?"

"एक्क्याण्णव."

"ताप रात्री येतो की दुपारी?"

"संध्याकाळी. काल दुपारी आला होता."

त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न विचारला नाही. काठीवर भार देऊन उठले, न्हाणीघरात जाऊन हात धुतले, परत आले आणि अण्णांकडे नव्हे, बाहेरच्या कुंपणाकडे बघत म्हणाले, "नववा नियम मी घातलेला आहे. कुणावरून घातला ते मला ठाऊक आहे." मग दारापर्यंत गेले आणि थांबून मला म्हणाले, "रविवारी करत जाऊ नकोस. रविवारी कारखाना बंद असतो."

काठीचा आवाज जिना चढून वर गेला. त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं, किंवा त्या क्षणीच सगळं उलगडलं, ते मला कधीच कळलं नाही. कुणावरून, तेही नाही. विचारायची आमची छाती झाली नाही. दोन आठवडे आम्ही जागा सोडायच्या नोटिशीची वाट पाहिली. अण्णा टपाल हातात घ्यायलाही घाबरत. नोटीस आली नाही, आणि नियमांची चौकटही तिथून हलली नाही. बापूसाहेब होते तसेच राहिले. पुढच्याच महिन्यात वाचनालयात त्यांनी सांगितलं की त्यांच्या व्याख्यानांमुळे पार्ल्यातल्या घराघरांत चिनी पाककला पोहोचली आहे, तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या रविवारनंतरच्या बुधवारी काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला होता. एक पौंड. डॉक्टरांनी आणखी महिना दिला. तसे महिने पुढे मिळत गेले.

पण हे सगळं नंतरचं. हे प्रकरण लिहायचं मी जे अनेक वर्षं टाळलं ते त्या दुपारी बापूसाहेब वर गेल्यानंतरच्या दहा मिनिटांमुळे. अण्णा बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. आई हळूच खाली बसली, तिने ती थाळी जवळ ओढली आणि बापूसाहेबांनी मोडून ठेवलेला तुकडा उचलून तोंडात घातला. आम्लेट गार झालं होतं. ती खात होती आणि मी तिच्यासमोर बसले होते. या खेपेला मी घास मोजत नव्हते, मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते. लोटलेल्या दारामागून तिने सगळं ऐकलं होतं. अण्णा थाळीविषयी बोलले ते, आणि त्यानंतर आमच्या दोघांच्या तोंडून काहीच आलं नाही तेही.

"तू सांगणार होतीस ना त्यांना?" आईने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मी बाहेर आले नसते तरी?"

"तरी सांगितलं असतं."

आई चावायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, काही वेळ पाहिलं, आणि मला वाटलं की आता ती विचारणार, मग एवढा वेळ कसली वाट बघत होतीस. ती सत्त्याऐंशी पौंडांची बाई होती, आणि नुसत्या दाराच्या चौकटीच्या आधाराने उभी राहिली होती. मग ती पुन्हा थाळीवर वाकली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "कोबी जरा बारीक चीर."